वूफर कुणी जाळला?

लातूर
संक्रांतीनंतरचा गुरुवार, २००७

प्रिय शहजादी,

तू माझ्यावर रागावली आहेस हे कळलं. नुसतं मला नाही, आमच्या सगळ्या गल्लीला कळलं. तुझ्या भाच्याने, अजहरने, तुझा निरोप माझ्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मनस्विनीच्या मोबाइलवर दिला आणि त्या पोरीने तो जिन्यात उभं राहून माझ्या अंगावर ओरडून सांगितला. "आपा म्हणाल्या, नांदेडला येऊन परस्पर निघून जाणाऱ्यांना आम्ही ओळखत नाही!" समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. हल्लीच्या मुली एक तर पुटपुटतात नाही तर ओरडतात. मधलं, माणसासारखं बोलणं त्यांना कुणी शिकवलेलंच नाही. यापुढे शुक्रवारचा फोनसुद्धा करणार नाही, असंही तू म्हणालीस म्हणे.

आधी अजहरचं बघते, मग तुझं. तुमच्या नांदेडच्या वजिराबादेत त्याने मला मागून "खाला, खाला" म्हणून हाका मारल्या आणि मी वळूनही पाहिलं नाही, असं त्याने तुला सांगितलं. धादांत खोटं आहे. त्याला मी हाफपँटीत असल्यापासून ओळखते. त्याने हाक मारली असती तर मी वळून आधी त्याचे केस बघून चार शब्द सुनावले असते. हाक मारायचा कंटाळा आला असेल, म्हणून आता माझ्या नावावर खपवतो आहे. तू त्याला लाडावून ठेवलं आहेस, हे मी पूर्वीही सांगितलं होतं.

पण मी नांदेडला आले होते, हे खरं. तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावरच्या एका दुकानात बसले होते आणि तुला न भेटता परतले, हेही खरं. कशासाठी आले होते ते वाचलंस तर आधी तू हसशील, म्हणून तेच आधी लिहिते. मी सबवूफरसाठी आले होते. सबवूफर म्हणजे गाडीच्या डिकीतली एक लाकडी पेटी. तिच्यात परातीएवढा स्पीकर बसवलेला असतो आणि तो गाण्यातला फक्त ढोलासारखा, जमिनीखालून आल्यासारखा आवाज काढतो. टवाळ पोरांच्या गाडीत असतो. माझ्या गाडीत कसा आला विचारशील, तर गाडीबरोबर हुंड्यात आला.

आमच्या गल्लीत फिजिक्सचे एक प्रोफेसर आहेत. पूर्वी सायकलवर शिकवण्या करत. आता त्यांच्या क्लासला परभणीपासून सोलापूरपर्यंतची मुलं येतात, भिंतीभिंतीवर त्यांचा चेहरा आहे. तुला लातूर आठवतं ते राहिलेलं नाही गं. प्रत्येक घराच्या माडीवर पोरी नाही तर पोरं. दोरीवर कपडे, खिडकीत केमिस्ट्री. माझ्याच वर सहा जणी आहेत, देवणीपासून देगलूरपर्यंतच्या. पहाटे उठून पाठांतर करतात आणि रात्री डोकं दुखतं म्हणतात. तर या प्रोफेसरांनी मोठी गाडी घेतली आणि जुनी झेन मला विकली. तिच्यात टेप होता, समोर दोन बारके स्पीकर होते, मागे दोन मोठे होते आणि डिकीत ही पेटी होती. मी म्हटलं, पेटी काढून न्या. ते म्हणाले, "मॅडम, असू द्या, शोभा आहे." डिकीत बंद असलेल्या वस्तूची शोभा कशी दिसते, हे फिजिक्सच्या माणसालाच माहीत.

या सबवूफरांशी माझं वैर जुनं आहे. भूकंपानंतर आपल्याकडे घरोघरी एक पद्धत पडली होती, ती मी अजून पाळते. मांडणीच्या कडेला पितळी तांब्या, त्यावर स्टीलचं फुलपात्र उपडं आणि त्यावर एक चमचा. जमीन जराशी हलली की चमचा पडतो, फुलपात्र खणखणतं आणि माणूस अंगणात धावतो. पहिली दोन-तीन वर्षं तो चमचा खरोखरच जमिनीने पाडला. मग क्लासेस आले, क्लासमालकांची पोरं आली, त्यांच्या गाड्या आल्या आणि चमचा गाण्यांनी पडायला लागला. भर दुपारी मी किती वेळा अनवाणी बाहेर पळाले आहे! भूकंप नाही, कुणाचा तरी चिरंजीव वळणावरून गेलेला. एकाला तर मी गाडी अडवून सांगितलं, की तुझ्या बापाचं घर किल्लारीत असतं तर हा आवाज तुझ्याने ऐकवला नसता. गेल्या वर्षभरात मात्र फुलपात्र एकदाही वाजलं नाही. पोरं सुधारली म्हणायची. सरल्या वर्षात चांगली झालेली तेवढी एकच गोष्ट आहे.

कारण बाकी सगळं एकदम बिघडलं. काय झालं आहे तेच कळत नाही. फोन बघ. तुझा आवाज दिवसेंदिवस लांब जायला लागला, जसा काही तू नांदेडहून नाही, अदिलाबादच्या जंगलातून बोलते आहेस. मी तक्रार केली. ज्या टेलिफोन एक्स्चेंजात मी उभी हयात बोर्ड सांभाळला, तिथला कालचा मुलगा मला सांगतो, "मॅडम, लाइन क्लिअर आहे." मी दोनदा यंत्र बदलून घेतलं, खांबापासून तार बदलून घेतली. लाइन तशीच. कुकरची शिट्टी बिघडली. वाजतच नाही, दोन वेळा वरण करपलं तेव्हा नवीन शिट्टी आणली, तीही तसलीच. कारखानेच असले निघाले आहेत. आणि माणसांची जीभ तर सगळ्यात आधी बिघडली. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात आमच्या सिस्टर बेनेडिक्टा तोंडासमोर मेणबत्ती धरून उच्चार घ्यायच्या. 'प' म्हटलं की ज्योत हलली पाहिजे. नाही हलली की पट्टी. उदगीरच्या अनंतराव वकिलांची लेक म्हणून सवलत नव्हती. आता एकाच्या तोंडून 'स' बाहेर पडेल तर शपथ. बँकेतली मुलगी, औषधाच्या दुकानातला माणूस, देवळातला पुजारी, सगळे तोंडात लाडू धरल्यासारखे बोलतात. मी सुनावते. ते हसतात.

त्यातच वूफर जळला. मी रोज संध्याकाळी गाडीतून नांदेड रस्त्याने गावाबाहेर जाते, हे तुला माहीत आहे. घरात टेप लावायची सोय नाही, वर पोरींचा अभ्यास चालतो. गाडी बाभळीखाली उभी करायची, एक कॅसेट ऐकायची आणि परत यायचं. गाडी भीमाशंकर चालवतो. तुला त्याच्याविषयी सांगितलं होतं. किल्लारीचा, त्या पहाटे ज्याची आई आणि बहीण गेली तो. चाळिशीचा आहे, शब्दाला महाग. मी कॅसेट लावली की तो विडी ओढायला म्हणून उतरून पार त्या टोकाच्या बाभळीपाशी जाऊन उभा राहायचा. पावसाळ्यात एक दिवस कॅसेट चालू असताना गाडीत करपट वास आला. रबर जळावं तसा, गोडसर. डिकीतून धूर नाही, काही नाही. नुसतं पायांखालचं थरथरणं थांबलं.

गांधी चौकाकडे शिवप्पा म्हणून आहे, गाड्यांचे टेप बसवतो. त्याने पेटी उघडली न उघडली तोच निकाल दिला. "पावर जास्त झाली, बाई. बारका वूफर हाय, आवाज झेपला न्हाई. मोठा टाका." पटलं. मोठा टाकला. गाण्याचे शब्द नीट लागत नाहीत, आवाज कमी पडतो, अशी माझी तक्रार होती, म्हणून त्याने आवाज वाढवणाऱ्या डब्याची, ॲम्पची, बटणंही माझ्या सांगण्यावरून पिळून दिली. दिवाळीनंतर तो मोठा वूफरही तसाच वास मारून गेला. मग मी प्रोफेसरांकडे गेले. म्हटलं, तुमचं लेकरू आहे, तुम्हीच सांगा. त्यांनी मला समोर बसवून तासच घेतला. म्हणे शिवप्पा अडाणी आहे. जास्त पॉवरने वूफर मरत नाही, कमी पॉवरने मरतो. मोठ्या वूफरला लहान ॲम्प लावला की तो जळतो. मी म्हटलं, सर, कमी जेवणाने माणूस वाळेल, जळेल कसा? ते म्हणाले, "मॅडम, ती कॉन्सेप्ट आहे." बारावीची पोरं हे ऐकून वहीत उतरवून घेत असतील. मी घरी आले ती पूर्ण गोंधळून. एक म्हणतो जास्तीने मेला, एक म्हणतो कमीने मेला, आणि मेलेला तर दोन्ही वेळा सारखाच दिसत होता.

आता मला माणूसच हवा होता, कारण नको. म्हणून मी भीमाशंकरला धरलं. मी बाजारात उतरले की तू गाडीत बसून धिंगाणा घालतोस, असं मी त्याला अंगणात, सगळ्या पोरींसमोर म्हटलं. त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "बाई, मी त्या बटनाला हातबी लावत न्हाई. लई गुरगुरतंय ते. मला सोसत न्हाई. तुमीच लावून राहिल्या की." मला तो उर्मटपणा वाटला आणि मी बोलायचं ते बोलले. त्याने किल्ली तुळशीपाशी ठेवली आणि निघून गेला. मी मागून हाक मारली नाही.

मग मी हट्टाला पेटले. शिवप्पाकडून सगळं सोडवून घेतलं, पेटी, ॲम्प, मागचे-पुढचे स्पीकर. पोत्यात घातलं आणि एस.टी.ने नांदेडला आले. वजिराबादेत जिलानी म्हणून कुणी वस्ताद आहे, असं शिवप्पाच म्हणाला होता, थोड्या मत्सराने. हा जिलानी म्हणजे बोटात दोन अंगठ्या, तोंडात पान आणि बाहेर गिऱ्हाईक दिसलं की आवाज चढलेला. त्याने वूफर उलटा करून मला दाबायला लावला, तेव्हा आतून खर्रखर्र असं काहीतरी हाताला लागलं. मग स्पीकरच्या तोंडावरचा कागद कापून आतली तारेची गुंडाळी, कॉइल, काढून दाखवली. करपलेल्या शेवयांसारखी काळी. "देखो आपा," म्हणाला, "कागद मैंने काटा, वरना साबूत था, कडा साबूत है. फाटला असता तर म्हटलं असतं, उड्या मारून मारून मेला. ये जल के मरा." मग त्याने ॲम्पची बटणं बघितली, शेवटपर्यंत पिळलेली, आणि हसायलाच लागला. पॉवरचा दोष नाही म्हणाला, ना जास्तीचा ना कमीचा. हाताचा दोष आहे. "घर में जवान छोकरा है क्या?" मी म्हटलं, नाही. "ड्रायव्हर?" तो तर वूफरला घाबरतो. "फिर जिन्न है आपा, गाडी में." आणि स्वतःच्या विनोदावर खूश होऊन त्याने समोरच्या बारक्या स्पीकरांना, ट्वीटरना, मीटर लावला. ते गाण्यातलं वरचं, बारीक तेवढं वाजवतात. बायकांचा आवाज, बांगड्या, झांजा. मीटरचा काटा जागचा हलला नाही. त्याने मीटर खाली ठेवला. माझ्या तोंडासमोर येऊन, सावकाश, म्हणाला, "ये दोनों कब से बंद हैं?"

शहजादी, मी रोज त्या गाडीत बसत होते. ते कधीपासून बंद आहेत, हे मला माहीत नव्हतं.

मी पोतं तिथेच टाकलं आणि उठले. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी आले. तुझं हिरवं फाटक दिसत होतं, दोरीवर तुझा दुपट्टा वाळत होता. थोडा वेळ उभी राहिले आणि स्टँडवर परत आले. त्याच वेळी अजहरने मला पाहिलं असणार.

घरी येऊन मी बंद गाडीत बसले. टेपचं आवाजाचं बटण मी ठेवलं होतं तसंच होतं, टोकाला. बारीक आवाजाचं बटणही टोकाला. भीमाशंकर जाऊन कितीतरी दिवस झाले होते. त्या बटणांना लागलेला शेवटचा हात माझा होता, आणि पहिलाही. हे जाळण्याचं शास्त्र मला जिलानीने शिकवायची गरज नव्हती गं, मला ते आपल्या बोर्डावर बसूनच माहीत असायला हवं होतं. ट्रंक लाइनवर माणूस फार ओरडला की काय व्हायचं? मधलं यंत्र त्याचा आवाज वाढवून वाढवून शेवटी जेवढा वाढवता येतो तिथे थांबायचं, आणि त्यावरचं सगळं कापून टाकायचं. आवाज मोठा नाही व्हायचा, नुसता फुटायचा, पत्र्यासारखा व्हायचा. म्हणून तर आपण जन्मभर सांगत आलो, "हळू बोला, ऐकू येतंय." ॲम्पचंही तेच. त्याच्या ताकदीपलीकडे मागितलं की तो आवाजाची शेंडी कापतो आणि उरलेला सपाट आवाज दामटत राहतो. गाणं कसं, चढतं, उतरतं, मध्ये श्वास घेतं; त्या श्वासात कॉइल निवते. कापलेल्या आवाजात श्वास नाही. कॉइल तापत जाते, डिंक वितळतो, तारेवरचं रोगण करपतं. आणि तो पत्र्यासारखा कर्कशपणा सगळा जातो बारक्या ट्वीटरांच्या डोक्यावर. ते आधी मरतात. शिवप्पा अर्धा बरोबर होता, प्रोफेसर अर्धे बरोबर होते. लहान ॲम्प काही करत नाही, मोठाही काही करत नाही. जो आवाज फुटलेला ऐकूनही बटण फिरवत राहतो, तो जाळतो. पण असं कोण करेल? तो आवाज कानांना सहन होत नाही. कान असलेला माणूस हात मागे घेतो.

तेवढ्यात मनस्विनी खिडकीशी येऊन काही म्हणाली. तिचे ओठ हलताना दिसले. मी काच खाली केली तरी नुसते ओठच. मग तिने नेहमीसारखं ओरडून विचारलं, मावशी, बरं वाटत नाही का. मी तिला उलट विचारलं, की माझ्या मांडणीवरचं फुलपात्र वर्षभरात कधी वाजलं का. ती गोंधळली. म्हणाली, "मावशी, ते तर रोज पडतं. क्लास सुटले की गाड्या जातात ना. आम्ही खाली येऊन परत लावून ठेवतो. तुम्ही तिथेच बसलेल्या असता, पेपर वाचत. आम्हाला वाटलं, तुम्हाला सवय झाली." मी तिला खोलीवर जाऊन अभ्यास कर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जीपने किल्लारीला गेले. भीमाशंकर नव्या गावठाणातल्या घरासमोर शेंगा वाळत घालत होता. मी बसले, त्याच्या बायकोने दिलेला चहा घेतला आणि त्याला विचारलं, की मी कॅसेट लावली की तू तिकडे लांब का जायचास. तो म्हणाला, "कान फुटायचे, बाई. मला वाटलं, बाईला त्ये तसंच आवडतंय." आणि विडी? तो विडी ओढतच नाही. कधीच ओढली नाही. इतक्या वर्षांत त्याच्या अंगाला कधी विडीचा वास आला नाही, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. सिस्टर बेनेडिक्टांनी नाकाचे धडे घेतले नसावेत. माफी मागायची माझी पद्धत तुला माहीत आहे. मी त्याला म्हटलं, सोमवारी ये, गाडी धुळीने भरली आहे. तो म्हणाला, येतो, पण ती पेटी परत बसवायची न्हाई. मी म्हटलं, नाही बसवणार. तो आला. अजून गाडीत नुसतं इंजिन वाजतं, आणि तेही वाजतं असं तो सांगतो म्हणून.

आता तुझ्याकडे येते. तुला आठवतं, आपण एकमेकींना पाहिलं नव्हतं तेव्हा नावाने हाक मारत नव्हतो. मी तुला नांदेड म्हणायचे, तू मला लातूर. त्या भूकंपाच्या सकाळी बोर्डावरची एकेक लाइन जात होती आणि तुझी तेवढी राहिली. वरून गिलावा पडत होता, साहेब बाहेर व्हा म्हणत होते, आणि कानात तुझा तो चिमणा, बारीक आवाज, "लातूर, लाइन पे रहो जी, काटना नक्को." मी किल्लारीला घंटी देत होते. तू दर खेपेला विचारायचीस, "उठाए क्या?" मी म्हणायचे, नाही. तू म्हणायचीस, "फिर से मारो." दिवसभर. किल्लारीने उचललं नाही, पण तू मला एकदाही आता पुरे म्हणाली नाहीस. पुढे भेटलीस तेव्हा मी थक्क झाले. आवाजावरून मला वाटायचं तू चणीने एवढीशी असशील, आणि निघालीस माझ्या दोन हात वर. नंतर मी निवृत्त झाले त्या दिवशी तुला रजा मिळाली नाही, म्हणून तू एस.टी.च्या ड्रायव्हरजवळ कॅसेट धाडलीस. "लातूर, नांदेड बोल रहा है" अशी सुरू होते, मग तुझं लग्नातलं गाणं, मध्येच तुझ्या चुलीवर काहीतरी उतू जातं, मग तू मला शिव्या देतेस. बाभळीखाली मी रोज ऐकत होते ती एकच कॅसेट, तीच.

हे पत्र मी का लिहिते आहे ते आता लिहिते, कारण याहून उशीर केला तर लिहिणार नाही. पुरुषांचे जाड आवाज मला अजून कळतात. शिवप्पाचा कळतो, प्रोफेसरांचा तर नको असताना कळतो. गेला आहे तो तुझा. कॅसेटमध्ये तू पुसट व्हायला लागलीस तेव्हा मला वाटलं टेप खराब आहे, आणि मी बटण पिळत गेले. फोनवर पुसट झालीस तेव्हा वाटलं तार खराब आहे. शुक्रवारी तू बोलायचीस आणि मी अंदाजाने हो म्हणायचे, अंदाजाने वा म्हणायचे. जन्मभर ऐकण्याचा पगार घेतला, एवढं जमेल असं वाटलं. मग दिवाळी आणि तुमची ईद एकाच आठवड्यात आली, त्यानंतरच्या शुक्रवारी तू काहीतरी बराच वेळ सांगत होतीस. मला वाटलं नातवाची गंमत सांगते आहेस, आणि मी हसले. पलीकडे तू एकदम गप्प झालीस. ती शांतता मात्र मला नीट ऐकू आली. त्यानंतर फोन वाजतो की नाही ते मला कळत नव्हतं, आणि कळलं तेव्हाही मी उचलला नाही. तुझ्या फाटकापर्यंत आले आणि आत आले नाही, कारण तू बोलली असतीस आणि मी पुन्हा कुठेतरी हसले असते. अजहरला सांग, त्याने हाका मारल्या असतील. आणि मला लिहून पाठव, त्या शुक्रवारी तू काय सांगत होतीस. कुणी गेलं असेल तर नाव लिही. तुझं दुखणं असेल तर तेही लिही, अक्षर मोठं काढ, डोळे ठीक आहेत. मी कानाच्या डॉक्टरांना दाखवायला नांदेडलाच येणार आहे. तू बरोबर चल, तो काय म्हणतो ते माझ्या समोर बसून, माझ्याकडे तोंड करून सांग. पट्टीची शिक्षा नाही. सोबत तिळगूळ आहे, गोड बोलायची अट नाही, शिव्या द्यायच्या तरी दे. ऐकू येत नसलं तरी मी इकडे आहेच. काटना नक्को.

अजून लाइनवर असलेली,
तुझीच
लातूर